भरतीच्या अटीस खुलं पत्र

‘भरती झाल्याशिवाय कार्ड चालणार नाही’ या अटीस,

तुझा पत्ता शोधत फिरावं लागलं नाही. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनद, तांसी या मराठी मुलखात कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरी तो तुला ओळखतो. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड त्यानं दवाखान्याच्या काउंटरवर ठेवलं की पलीकडून तूच बोलतेस, “भरती आहे का? नाही? मग पैसे भरा.”

तुझं औदार्य मोठं, हे आधी मान्य करतो. आरोग्यश्री ही राज्याची योजना २००७ साली एकत्रित आंध्रात आली आणि ९ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणानं तिची मर्यादा दहा लाखांवर नेली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. उत्पन्नाची अट गेली, तू मात्र खाट धरून बसलीस. डायलिसिस किंवा काही शस्त्रक्रियांनंतरचा पाठपुरावा अशा मोजक्या गोष्टी सोडल्या, तर माणूस आडवा झाल्याशिवाय तुझी तिजोरी उघडत नाही. आयुष्मानमध्ये भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस धरतात. बीपीची गोळी जन्मभर घ्यावी लागते, बाई!

म्हातारपणाची बहुतेक दुखणी चालत्या-फिरत्या माणसाची असतात. बीपी, शुगर, दमा, गुडघे, हातापायांची आग यांपैकी कशालाच रोज खाट लागत नाही. त्यांना दर महिन्याला डॉक्टर, अधूनमधून रक्ततपासणी आणि न चुकता गोळ्या लागतात. म्हणजेच ओपीडी, आणि तिथं तू रुपया सोडत नाहीस.

वर लोक म्हाताऱ्यांनाच नावं ठेवतात. म्हणे, यांना कळत नाही, सरकारी दवाखाना सोडून आरएमपीकडे, म्हणजे गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरकडे जातात. कळत कसं नाही? म्हातारपणाच्या आसरा पेन्शनचे महिन्याला २,०१६ रुपये हातात असलेल्या माणसाइतका पक्का हिशेब कुणाचा नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात आणि त्या तिथूनच घ्याव्यात. पण जायचं तर सोबतीला मुलगा लागतो आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. त्यातून एखादी गोळी संपलेली असली की फुकटचा दवाखाना त्या दिवशी सर्वांत महाग पडतो. गावातला आरएमपी संध्याकाळी घरी येतो, मराठीत विचारपूस करतो आणि “कापूस विकल्यावर द्या” म्हणतो. त्याचं रीतसर वैद्यकीय शिक्षण झालेलं नसतं. गरज नसताना लावलेली सलाईन आणि वरचेवर टोचलेलं स्टेरॉइड म्हाताऱ्या शरीराला घातक आहे, हे मी बजावून सांगतो. पण त्याच्या दारी म्हाताऱ्यांना तूच पाठवलंस.

एकदा मेडिकलच्या काउंटरशी उभी राहून बघ. चिठ्ठीवर तीस दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. म्हातारी कमरेची पिशवी सोडते, नोटा मोजते आणि म्हणते, “पाचच दे.” दुकानदार कात्रीनं पट्टी कापतो. पाच दिवसांनी गोळ्या संपतात आणि पुढच्या पेन्शनपर्यंत बीपी देवावर सोपवलेलं असतं.

तुझी मर्यादा वाढली त्याच ९ डिसेंबरला तेलंगणात बायकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्या प्रवासाला कुणी ‘आधी भरती व्हा’ असं म्हणत नाही. आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयात ओपीडीला यायला म्हातारीला तो खरा उपयोगी पडतो. म्हाताऱ्याला मात्र तिकीट काढावं लागतं. पुढे भाषेचा प्रश्न येतो. छातीत नेमकं कसं होतं, हे मोडक्या तेलुगूत सांगता येत नाही. मग ज्याला जमतं तो पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, यवतमाळ, अगदी सेवाग्राम गाठतो. तिथंही ओपीडीचा खर्च खिशातूनच होतो.

हे एकट्या आदिलाबादचं दुखणं नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, भरती न होता घेतलेल्या उपचारांपैकी सुमारे ३० टक्केच सरकारी दवाखान्यांत झाले होते. बाकीचे बहुतेक लोक खासगीत गेले.

ओपीडीचा खर्च झेपत नाही, असं मला सांगू नकोस. केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी आणि निवृत्तांसाठी १९५४ पासून सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिच्यात तपासणी मिळते आणि गोळ्याही मिळतात. साहेबाच्या बीपीला ओपीडी चालते, तर कापूस वेचून बोटं सोललेल्या बाईच्या बीपीला खाट कशाला हवी?

तू विहिरीत पडलेल्याला दोर देतेस, पण कठड्याला वीट देत नाहीस. महिन्याच्या गोळ्या चुकतात, बीपी चढतं आणि एके दिवशी लकवा मारतो. मग माणूस भरती होतो, तेव्हा तू लाखांची थैली घेऊन हजर! तोवर त्याचा एक हात आणि वाचा गेलेली असते.

म्हणून आता तू निघ. आणि सरकारांनो, सत्तरीपुढच्यांच्या कार्डावर ओपीडीसाठी वर्षाची ठरावीक रक्कम ठेवा, आणि ती नदीच्या दोन्ही काठांवर चालू द्या. गावच्या उपकेंद्रात तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. मराठी गावांच्या दवाखान्यात मराठी समजणारा एक तरी माणूस बसवा. एवढं झालं की म्हातारे कुठं जातात ते बघा. चांगला दवाखाना कुठला, हे त्यांना शिकवावं लागणार नाही.

पैनगंगेकाठचा एक मुलगा,
ज्याच्या घरी दोन म्हातारी माणसं आहेत