हँडब्रेकचा निवाडा

शेफील्ड, 17 जानेवारी

ती. बाबा आणि आईंना साष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीच्या हँडब्रेकचं सांगायला गेलं की तुमचे चिरंजीव मधेच फोन ओढून घेतात आणि हवापाण्यावर घसरतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

संक्रांतीचं हळदीकुंकू लीड्सला होतं. मी काळी पैठणी नेसून स्टिअरिंगवर, चिरंजीव शेजारी तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन. रात्रभर दंव गोठलेलं. गिअर टाकला, क्लच सोडला, तर आपल्या म्हातारीनं मागचं बूड खाली टेकवलं आणि तिथंच राहिली. हँडब्रेकचा दांडा खाली, लाल दिवा विझलेला, तरी डावं मागचं चाक फिरायचं नाव घेईना. जरा जोर दिला तर न फिरताच फरफटत आलं आणि पांढऱ्या रस्त्यावर काळा पट्टा उमटला.

चिरंजीव म्हणाले, "हीटर लावून बसू, सुटेल आपोआप." हीटरनं ते सुटले, म्हणजे स्वेटरमधून. चाक होतं तिथंच. एवढ्यात समोरचे आजोबा ड्रेसिंग गाऊनवरच उकळत्या पाण्याची किटली घेऊन धावत आले. मी हात जोडून थांबवलं. ओतलेलं पाणी अर्ध्या तासात पुन्हा गोठणार आणि दुखणं दुप्पट होणार. ते पाणी मग चहाला लागलं.

गॅरेजवाला आला. (इथले मेकॅनिक दाढीवाल्या बाप्यालाही 'लव्ह' म्हणतात, चिरंजीव अजून लाजतात.) त्यानं चाक उतरवलं आणि ड्रमच्या कडेवर हातोडीचे मोजके ठोके घातले. टण्ण झालं आणि ड्रम सुटला. आतले ब्रेक शू गुळाच्या ढेपेला फडकं चिकटावं तसे ड्रमला धरून बसले होते. पण खरी चोर केबल, असं त्यानं दाखवलं. तिच्या टोकाचं रबर फाटलेलं. तिथून पाणी आत शिरतं, आवरणात गंज धरतो. मग दांडा ओढला की केबल ताणली जाते, पण सोडल्यावर स्प्रिंगला ती मागे खेचता येत नाही. त्यात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं, तपकिरी, खड्यांचं. माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथं मीठच गाडी खातं.

केबल बदलली, कारण पुढच्या महिन्यात गाडीची वार्षिक तपासणी आहे. तीन वर्षांपुढच्या गाड्यांना ती लागते. चाकं रोलरवर चढवून ब्रेक मोजतात. आपल्यासारख्या गाडीच्या हँडब्रेकचा जोर वजनाच्या किमान 16 टक्के लागतो. आमचं डावं चाक सोडायला तयार नाही आणि उजवं धरायला. घरात असं एक माणूस आहेच, पण तो विषय आईंशी बोलेन.

आता तुमच्याकडे दाद मागायची आहे. गॅरेजवाला सांगून गेला: थंडीत हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. चिरंजीवांनी लगेच सरकारी 'हायवे कोड' उघडला. नियम 252: उतारावर लावताना हँडब्रेक घट्ट ओढा, तोंड चढाकडे असेल तर पुढचा गिअर आणि चाकं फुटपाथापासून बाहेर वळवा, तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स आणि चाकं फुटपाथाकडे. हे शहरही साताऱ्यासारखंच सात टेकड्यांचं म्हणवतं. 2014 साली तूर द फ्रान्सचे सायकलवालेसुद्धा इथल्या जेनकिन रोडवर धापा टाकत चढले. आमची गल्ली त्याची धाकटी बहीण. ब्रेक ओढावा तर सकाळी गाडी हलत नाही. न ओढावा तर रात्रीच निघून जाईल.

तुम्ही डेपोच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलात, केळघर घाटातल्या गाड्या सांभाळल्यात. माझं मत असं: सपाटीवर नुसता गिअर, गल्लीत गिअर, ब्रेक, वळवलेली चाकं आणि वर चाकाखाली ठोकळा. शिवाय कोरड्या दिवसांत ब्रेक रोज ओढायचा-सोडायचा, म्हणजे नवी केबल जाम होणार नाही. चिरंजीवांच्या मते ठोकळा म्हणजे शेजाऱ्यांत नाचक्की. तुमचा निवाडा आम्ही मानू, पण तो माझ्या बाजूनं असावा ही विनंती.

हळदीकुंकवाला आम्ही पोचलो तेव्हा वाण संपलं होतं. डबा मात्र रिकामा करून आणला.

तुमची,
सूनबाई

ता. क. मार्चमध्ये मामा लंडनला येताहेत, त्यांच्या बॅगेत मेतकूट नक्की द्या. तुमच्या जुन्या ठोकळ्यांपैकी एखादा बसला तर पाहा. कस्टमवाल्यानं विचारलं तर मामा काहीतरी सांगतीलच.