होस्टिंगग्रस्त

प्रत्येक व्यापारी पेठेत, प्रत्येक ज्ञातिसंस्थेत आणि परदेशातल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांत एक गृहस्थ असा असतो, की ज्याच्याकडे ‘वेबसाइटचं बघायचं’ काम असतं. ते त्याला रीतसर कोणी सोपवलेलं नसतं. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा सभेत ‘आपली वेबसाइट हवी’ असा ठराव होतो आणि त्या क्षणी जो क्रेडिट कार्ड बाहेर काढतो, त्याच्या गळ्यात ती पडते. पुढे अध्यक्ष बदलतात, चिटणीस बदलतात, खजिनदार तर पळूनही जातात. हा माणूस मात्र बदलत नाही, कारण पासवर्ड त्याच्याकडे असतो. त्याला ‘काय, कसं काय?’ असं विचारलं की उत्तर प्रकृतीचं येत नाही, सर्व्हरचं येतं. मोबाइलमध्ये नातवंडांच्या फोटोंपेक्षा मोठं फोल्डर त्याच्या तक्रारींच्या स्क्रीनशॉटचं असतं. लोक त्याला टाळतात. होस्टिंग कंपनी भिकार आहे हे तो बारा महिने सांगतो आणि मुदत संपली की त्याच कंपनीला पुन्हा पैसे भरतो. तेव्हा हा हौसेने त्रास करून घेणारा माणूस आहे, असं त्याच्याविषयीचं सर्वमान्य मत. मला हे मत अन्यायाचं वाटतं. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात पूर्ण शुद्धीवर असलेला तो एकटाच आहे.

त्याची सकाळ पाहा. चहाच्या आधी तो साइट उघडतो. पांढरं पान येतं आणि त्यावर ‘५०३’ हा त्रुटी क्रमांक. तो वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर पुन्हा पाहतो. मग इन्कॉग्निटोमध्ये पाहतो. मग नागपूरच्या भाच्याला फोन करतो, “तुझ्याकडे उघडतेय का रे?” भाचा अंथरुणातूनच म्हणतो, “उघडतेय मामा, पण वेळ घेतेय.” एवढा पंचनामा झाल्यावर तो कंपनीच्या चॅटमध्ये शिरतो. तिथे आधी यंत्र बोलतं. यंत्राला ‘माणूस’ हा शब्द तीनदा सांगितल्यावर रांगेत उभं करतात. माणूस येईपर्यंत साइट पूर्ववत झालेली असते आणि तो माणूस अतिशय गोड भाषेत कळवतो, की आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसत आहे, कृपया तुमच्या बाजूने एकदा तपासून घ्यावं. तिकीट बंद. पाठोपाठ ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ अशी मेल. फिर्यादी म्हणून गेलेला माणूस अशा रीतीने आरोपी होऊन परत येतो. मग तो स्क्रीनशॉट जमवू लागला, त्यातही कोपऱ्यातलं घड्याळ दिसेल अशा बेताने घेऊ लागला, तर त्याला वेड म्हणायचं, की पुराव्याचा कायदा कळलेला माणूस म्हणायचं? कंपनी ९९.९ टक्के वेळ साइट चालू ठेवण्याची हमी देते. आकडा मोठा भारदस्त आहे. पण उरलेल्या दशांश टक्क्याचे वर्षाला पावणेनऊ तास होतात. देखभालीसाठी घेतलेला वेळ सहसा त्यात धरत नाहीत, आणि बंद किती वेळ होती हे कंपनी आपल्याच घड्याळावर मोजते. ज्याचं दुकान त्याचाच तराजू असल्यावर गिऱ्हाइकाने स्वतःचं वजन घरून करून आणलेलं बरं.

‘पूर्वी असं नव्हतं’ हे त्याचं पालुपद. इथे सुज्ञ माणूस मिशीतल्या मिशीत हसतो: पूर्वीचे आंबे गोड, पूर्वीची नाटकं चांगली, आता पूर्वीचं होस्टिंगसुद्धा! पण आंब्यांच्या बाबतीत पुरावा देणं अवघड असतं, होस्टिंगच्या बाबतीत तो सरळ बाजारात पडलेला आहे. या धंद्याची सुरुवात पुष्कळ ठिकाणी खरोखरच घरगुती होती. होस्टगेटर ब्रेंट ऑक्सली या विद्यार्थ्याने २००२ साली फ्लोरिडात कॉलेजात असताना सुरू केली. ब्लूहोस्ट त्याच सुमारास अमेरिकेच्या युटा राज्यात उभी राहिली. मग मॅसॅच्युसेट्समधल्या एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपने २०१० साली ब्लूहोस्ट घेतली, २०१२ साली होस्टगेटर घेतली, आणि जानेवारी २०१४ मध्ये मुंबईच्या डायरेक्टीकडून बिगरॉक आणि रिसेलरक्लबही घेतल्या. पाट्या जुन्याच राहिल्या, मालक एक झाला. २ ऑगस्ट २०१३ या दिवशी युटातल्या प्रोव्हो गावच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला, तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट या चारही पाट्यांखालची गिऱ्हाइकं एकदमच अंधारात गेली. एका कंपनीला कंटाळून हट्टाने दुसरीकडे गेलेला माणूस त्या दिवशी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना एकाच स्मशानात भेटला असणार. २०२१ मध्ये क्लिअरलेक या गुंतवणूक कंपनीने सुमारे तीनशे कोटी डॉलरना एन्ड्युरन्स विकत घेतली, वेब डॉट कॉमशी तिची जोडणी केली आणि नवं नाव ठेवलं न्यूफोल्ड डिजिटल. एवढा पैसा ओतणाऱ्याला तो वसूलही करायचा असतो, आणि या धंद्यात वसुलीचे मार्ग मोजके आहेत: यंत्रं कमी, माणसं कमी, किंवा बिल जास्त.

यंत्रं कमी म्हणजे काय, हे शेअर रिक्षात बसलेल्या कोणालाही सांगायला नको. शेअर्ड होस्टिंगचं गणित तेच आहे. एका सर्व्हरवर शेकडो साइट बसवायच्या, आणि सगळ्यांना एकाच वेळी कुठे जायचं नसतं या भरवशावर आणखी दोन पुढे ड्रायव्हरशेजारी घ्यायच्या. यात लबाडी आहे असं नाही. सगळी सीट एकट्याने भाड्याने घ्यायची ऐपत असती तर मंडळाने ती घेतली असती. खुबी किती भरायच्या यात आहे. संस्थापक स्वतः तिकिटांना उत्तरं देत होता तोवर त्याला रिक्षा कुठे कलते हे कळत होतं. मालक दूर गेला की त्याच्यापर्यंत फक्त भाडं पोहोचतं, किंकाळी पोहोचत नाही. त्यात २०१९ साली, सर्व्हर सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सीपॅनेलने आपलं परवानाशुल्क सर्व्हरमागे घेण्याऐवजी त्यावरच्या खात्यांच्या संख्येवर घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कोणी समजावून सांगितलं नाही. त्याला फक्त वाढलेलं बिल आलं आणि सोबत ‘तुमचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी’ असं पत्र.

आता पहिला आक्षेप. महिन्याला चहाच्या दोन कपांइतके पैसे देता आणि ताजची सेवा मागता? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, फक्त तो पहिल्या खेपेच्या गिऱ्हाइकाला लागू पडतो. जाहिरातीतला दर तीन वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्या नव्या माणसाचा असतो; नूतनीकरणाच्या वेळी तो सहज दुपटी-तिपटीवर जातो, वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे सर्वांत जुना, सर्वांत कमी वेळा चॅटवर ‘सीपॅनेल म्हणजे काय’ विचारणारा माणूस सर्वांत जास्त पैसे भरतो. शिवाय फुकट मिळणाऱ्या वस्तूही त्याला विकल्या जातात. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५च्या अखेरीपासून एसएसएल प्रमाणपत्रं विनामूल्य देते; तरी कित्येक ठिकाणी खरेदीच्या पानावर सशुल्क प्रमाणपत्राच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली आढळते. स्वस्ताईचा दाखला द्यायचा तर तो स्वस्त विकणाऱ्याने द्यावा.

दुसरा आक्षेप तरुण भाच्याचा: मग सोडून का जात नाही? त्याला वाटतं फायली उचलायच्या आणि दुसरीकडे ठेवायच्या, झालं. होस्टिंगग्रस्ताला माहीत असतं की साइट हा बोजा त्यातल्या त्यात हलका. नेमसर्व्हर बदलले की बदल सगळीकडे पोहोचायला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि त्या काळात अर्धं जग जुन्या पत्त्यावर पत्रं टाकत राहतं. डोमेन हलवायचं तर गुप्त कोड मागावा लागतो. तो पाच दिवसांत द्यायचा असा डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे आणि कंपनी पाचही दिवस वापरते. पण हे सगळं किरकोळ. खरं भय मेलचं. अध्यक्षांच्या मेल एक दिवस आल्या नाहीत तर त्यांना कोणी ऑगस्ट २०१३ची गोष्ट सांगायची? साइट बंद पडली तर दोष कंपनीचा. स्थलांतरात मेल हरवली तर दोष याचा. असा हिशेब असल्यावर जागचं न हलणं ही भित्रेपणाची गोष्ट नव्हे, तो चोख जमाखर्च आहे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली असल्याच माणसांवर एक पुस्तक लिहिलं. त्याला कोडं पडलं होतं नायजेरियाच्या रेल्वेचं: ट्रकची स्पर्धा असूनही ती सुधारत का नव्हती? त्याचं उत्तर असं, की ज्यांना आरडाओरडा करता आला असता तेच आधी ट्रककडे गेले, आणि रेल्वेला आपल्या वाईटपणाची वार्ता देणारं कोणी उरलं नाही. क्लाउडवर निघून गेलेले हुशार लोक नेमके तेच करतात. ते शिव्या न देता जातात, आणि कंपनीच्या तक्त्यावर एक आकडा खाली सरकतो, एवढंच. मागे राहून रात्री साडेअकराला ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू होणारी सविस्तर तक्रार लिहिणारा, तीत वेळ, त्रुटी क्रमांक आणि जुन्या चार तिकिटांचे संदर्भ देणारा हा गृहस्थ म्हणजे कंपनीला फुकटात मिळालेला लेखापरीक्षक असतो. तिने त्याला पगार द्यायला हवा होता. ती त्याला तारे मागते.

तो निर्दोष आहे असं मात्र कोणी समजू नये. ‘अमर्याद’ जागा म्हटल्यावर त्याने ती शब्दशः घेतली. त्या अमर्यादेच्या पोटात फायलींच्या संख्येवर मर्यादा असते, सीपॅनेलच्या बहुतेक सर्व्हरवर प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, आणि याच्या पेटीत २०११पासूनची प्रत्येक ‘शुभ सकाळ’ सूर्योदयाच्या चित्रासह शाबूत असते. वर्डप्रेसवर त्याने एकदा पडणाऱ्या बर्फाचं प्लगिन बसवलं होतं. ते डोंबिवलीच्या मसालेवाल्याच्या साइटवर अजून भर मे महिन्यात पडतं. सर्व्हर धापा टाकतो त्यात बर्फाचाही वाटा आहे. पण हेही कंपनीला दिसायला हवं आणि तिने सांगायला हवं. तिच्याकडून येतं ते एवढंच, की आपली साधनसामग्री मर्यादेपलीकडे गेली आहे, कृपया वरची योजना घ्यावी.

आणि म्हणून शेवटी तो दिवस येतोच, जेव्हा तो सगळा बॅकअप उतरवून, शर्टाच्या बाह्या सारून ‘योजना रद्द करा’ हे बटण दाबतो. कधी नव्हे ते त्या दिवशी चॅटवर माणूस अर्ध्या मिनिटात हजर होतो. कारण विचारतो, दिलगिरी व्यक्त करतो आणि पासष्ट टक्के सवलत देऊ करतो, तीन वर्षांसाठी, फक्त आजच्या दिवशी. याच कंपनीने गेल्या महिन्यात दर एक रुपयानेही कमी होणार नाही असं लेखी कळवलेलं असतं, आणि ते पत्र याच्या फोल्डरमध्ये तारखेसह असतं. तो मनातल्या मनात डोमेन, मेल, अध्यक्ष, भाचा असा एकेक आकडा मांडतो आणि पैसे भरतो. पावती येते, तिच्यावर मंडळाचं नाव चुकलेलं असतं आणि जीएसटी क्रमांक गाळलेला असतो. तो चष्मा डोळ्यांवर ओढतो आणि नवं तिकीट उघडतो.