गॅलरी बंद करू नका

कुडाळ, कणकवली, मालवणात नवी इमारत उभी राहिली की वर्षभरात तिचा चेहरा बदलतो. ताबा मिळतो, वास्तुशांत होते आणि पाठोपाठ स्लायडिंगवाल्याचा टेम्पो दारात येतो. एकेक गॅलरी काचेआड जाते. हॉल चार फुटांनी वाढला म्हणून घरमालक खूश. दोन पावसाळे गेले की तोच माणूस सांगू लागतो, घर लहान पडतं, आत जीव गुदमरतो.

लहान पडणारच. चारशे-साडेचारशे फुटांच्या त्या घरात एकच जागा अशी होती जिला काही काम नेमून दिलेलं नव्हतं. ती आपण कामाला लावली. आता तिथे वॉशिंग मशीन आहे, चपलांचं कपाट आहे, जुन्या मिक्सरचे खोके आहेत. हॉल होता तेवढाच राहिला, त्याचा वारा आणि उजेड मात्र गेला.

गावचं जुनं घर आठवून सगळे उसासे टाकतात. खरं बोलूया. ते घर आतून ऐसपैस कधीच नव्हतं. माजघरात भर दुपारी काळोख, खिडक्या हातभर, चुलीचा धूर आढ्याला. माणसं मुळात आत थांबायचीच नाहीत. चिऱ्याच्या त्या चार खोल्यांना पुढे पडवी होती आणि पडवीपुढे सारवलेलं खळं. दुपारची डुलकी पडवीत, पाहुणा पडवीत, पोरांचा अभ्यास पडवीत, मे महिन्यात कोकमं वाळत खळ्यात. घर मोठं वाटायचं ते या न नेमलेल्या जागेमुळे. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा गॅलरीच्या रूपाने तिचा एक तुकडा आपल्याला मिळाला होता. आपण पैसे मोजून तो बुजवला.

पावसाचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. सिंधुदुर्गात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही नैऋत्येचा वारा घेऊन, आडवा. उघड्या गॅलरीतून पाणी थेट हॉलच्या लादीवर येतं. पण हाच आडवा पाऊस पडवीवरही यायचा. मिरगाच्या आधी चुडतांची झापं विणून पडवीला बांधायची आणि पाऊस सरला की सोडायची, ही इथली रीत होती. चार महिने बंद, आठ महिने उघडी. फ्लॅटमध्येही हे जमतं. बांबूची गुंडाळी चीक किंवा जाड प्लॅस्टिकचा पडदा जूनमध्ये सोडायचा, दसऱ्याला वर घ्यायचा. चार महिन्यांच्या पावसासाठी बारा महिन्यांची काच बसवणं हा सौदाच तोट्याचा आहे.

आणि वारा सोडतोय तो कोण? मालवणच्या किनाऱ्यावर राहणारे आपण! दिवसा समुद्रावरून खारा वारा, रात्री जमिनीकडून मतलई. शिडाच्या होड्या याच दोन वाऱ्यांवर जात-येत. दिवसातून दोनदा फुकट दिशा बदलणारा वारा दाराशी असताना आपण तो काचेने अडवतो आणि मग एसीसाठी हप्ते भरतो. गावातली जुनी माणसं म्हणतात, घरात वारो खेळाक व्हयो. खेळायला त्याला आत यायची वाट लागते आणि समोरून बाहेर पडायचीही. पश्चिमेची गॅलरी बंद, पूर्वेच्या खिडकीला टेकून कपाट, मग तो खेळणार कुठे? उष्ण-दमट हवेत खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या एकषष्ठांश असावं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे 120 चौरस फुटांच्या खोलीला 20 फूट खिडकी. त्यातही दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. पाखं बाहेर उघडणारी साधी खिडकी पूर्ण उघडते. एवढा एक बदल केला तरी त्याच भोकातून दुप्पट हवा येते. बांधणाऱ्याकडे याचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक मला क्वचित दिसतो. सगळे विचारतात, कार्पेट किती.

बिल्डरला दोष द्यायचाच तर थोडा नियमांनाही द्यावा लागेल. मुंबईत पूर्वी ठरावीक मर्यादेपर्यंतची गॅलरी चटईक्षेत्रात धरत नसत. जादा अधिमूल्य भरून ती बंद करून घ्यायची सोयही होती, त्यामुळे बंद गॅलरी हीच मुंबईची रीत बनली. जानेवारी 2012 पासून गॅलरी चटईक्षेत्रात मोजायला सुरुवात झाली आणि नव्या इमारतींतून ती बरीचशी नाहीशीच झाली. चाकरमान्यांनी तिथलं जे पाहिलं, तेच गावी आणलं.

त्याच मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर 1983 मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत प्रत्येक घराला दोन मजले उंच उघडी गच्ची दिली. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा त्यांनी उचलून आकाशात नेला. ती श्रीमंतांची घरं होती, हे मान्य. पण नवी मुंबईत बेलापूरला कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं बांधतानाही त्यांनी हेच केलं. 45 चौरस मीटरच्या भूखंडावरसुद्धा घराची स्वतःची उघडी जागा ठेवली. गरिबाला आधी छप्पर द्यावं, मोकळी जागा ही चैन, हे त्यांना मान्य नव्हतं. मलाही नाही.

आतल्या सामानाबद्दल थोडक्यात. सहा बाय साडेसहाचा पलंग 39 चौरस फूट अडवतो, म्हणजे 110 फुटांच्या बेडरूमचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत आमच्या जिल्ह्यातली आठ-दहा माणसं राहत. त्या हालांचं कौतुक करण्यासारखं काही नाही, पण सकाळी अंथरुणं गुंडाळली की जमीन मोकळी होत असे, हे विसरायला नको. एल आकाराचा सोफा गुंडाळता येत नाही. फॉल्स सीलिंग तर आपल्याकडे लावूच नये. आधीच साडेनऊ फूट उंची, त्यातली अर्धा-पाऊण फूट स्वतःहून कमी करायची आणि वर दमटपणाला बुरशीसाठी बंद पोकळी द्यायची, हे कुणी शिकवलं? कपाटंसुद्धा बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार बोटं सोडून ठेवा. पावसाळ्यात मागचा कुबट वास निम्म्याने कमी होतो.

घर लावताना एक प्रश्न मनात ठेवावा. चवथीला भजन आलं तर माणसं कुठे बसतील? पेटीवाला, पखवाजवाला, झांजा, पंधरा माणसं आणि दारातले ऐकणारे. ज्या हॉलमध्ये ती जमिनीवर बसू शकतात तो एरवी दोघांना पुरून उरतो. बसू शकत नसतील तर सामान काढायचं आहे, भिंत पाडायची नाही.

सोसायटीच्या पुढच्या सभेत गॅलरी बंद करण्याचा अर्ज आला तर कृपा करून हात वर करू नका. तशीही त्याला नगरपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी लागते आणि ती घेतं कोण? ज्यांनी आधीच बंद केली आहे त्यांनी पाऊस सरल्यावर निदान मधल्या काचा उतरवून घ्याव्यात. ज्याने बसवल्या तोच उतरवून देतो. वॉशिंग मशीन न्हाणीघरात जाईल. खोके भंगारवाला नेईल. तिथे दोन खुर्च्या टाका आणि तिसरं काहीही ठेवू नका.