शंभरावा माणूस

ग्रामसभेतला सर्वांत मोलाचा माणूस सरपंच नसतो, ग्रामसेवकही नसतो. तो असतो शंभरावा माणूस. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे गावच्या एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर असली की गणपूर्ती होते, म्हणजेच कोरम भरतो. त्यामुळे ६०० मतदारांच्या गावाला ९० जण गोळा करावे लागतात आणि ५,००० मतदारांच्या गावाचे १०० जणांत भागते. गाव जितके मोठे, तितकी लोकशाही स्वस्त.

चौघांनी बसून चारशेंच्या नावावर ठराव करू नये, एवढाच कोरमचा हेतू. हजर माणसाने ऐकलेच पाहिजे, अशी अट त्यात नाही. सही करून भिंतीला टेकून डुलकी काढणारा मतदारही गणतीत पूर्ण एक धरला जातो, आणि तावातावाने बोलणाराही एकच.

कोरम भरला नाही की सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नाही. नव्वदांसाठी अडून बसलेला कायदा पुढच्या खेपेला नऊ जणांवर राजी होतो. हे वरवर विचित्र दिसते, पण त्याला कारण आहे: एरवी घरी बसून राहणाऱ्यांनी न बोलता गावचा कारभार रोखून धरला असता. शहरातल्या गृहनिर्माण संस्थांनी ही सोय कधीच ओळखली. त्यांच्या सभेची सूचनाच सांगते की, कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल. जाणते सभासद मग अर्ध्या तासानेच येतात.

आमदारही या नियमातून सुटलेले नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ नुसार सभागृहात १० सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यांपैकी जी संख्या जास्त असेल तेवढे सदस्य हवेत. म्हणून २८८ जणांच्या विधानसभेला २९ लागतात, ७८ जणांच्या विधान परिषदेला १०. रिकामी बाके सगळ्यांनाच दिसतात, पण कोणी बोट दाखवीपर्यंत कोरम आहे असेच धरतात. बोट दाखवले की घंटा वाजते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात घंटेने भागत नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत एका गावाचे पाडे सातपुड्याच्या वेगवेगळ्या डोंगरांवर पसरलेले असतात. त्यातच दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा भरते तेव्हा निम्मा कोरम उसाच्या फडात असतो. तीच माणसे होळीला परततात आणि काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर डोंगर भरून जातो. तिथे हजेरीपट नसतो आणि सभा तहकूबही होत नाही.

पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा भरवता येते. त्यामुळे कोरमसाठी डोंगर उतरायची वेळ टळते. वनहक्काचा विषय आला की मात्र शंभराव्या माणसाचा मान जातो. २००८ च्या नियमांत दोन तृतीयांश सदस्यांची हजेरी सक्तीची होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आली. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत. ६०० सदस्यांची ग्रामसभा असेल तर ३०० माणसे, आणि त्यांत निदान १०० बाया. इथे ‘यांपैकी जी संख्या कमी’ ही पळवाट नाही.

ही कडक अट उगाच नाही. गटाराचा ठराव चुकला तर पुढच्या सभेत फिरवता येतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा ठराव मूठभर सह्यांवर झाला, तर तो पहिल्याच हरकतीला कोसळण्याचा धोका असतो. आणि गंमत अशी की सर्वांत अवघड कोरम असलेल्या या सभेला माणसे बोलवायला दवंडीची फारशी गरज पडत नाही. गटारासाठी न उतरलेला पाडा जमिनीसाठी आपणहून उतरतो.