एक कान मुधोळचा

नेसरीत कुत्रं साखळीला लावून फिरवणारा माणूस दिसला की लोक काळजीने विचारतात, ‘‘काय झालंय जनावराला? डाक्टराकडं नेताय काय?’’ नुसतंच फिरवतोय म्हटलं, की तीच काळजी माझ्याविषयी सुरू होते. कारण इथली कुत्री आपापली फिरून येतात आणि भाकरीच्या वेळेला हजर असतात.

पण आमचा सरदार पडला मुधोळ जातीचा. हे मी कुणीही न विचारता सांगतो. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी या जातीची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली होती, हेही सांगतो. २००५ साली पोस्टाने तिकीट काढलं. लष्करानेसुद्धा ही कुत्री घेतली. शिवाय नेसरीजवळची घटप्रभा पुढे थेट मुधोळला जाते, तेव्हा हा जवळजवळ पाहुणाच! समोरचा ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘‘मग ह्यो कान उभा कसा?’’ विकणाऱ्याने आईची शपथ घेतली होती. तरी सरदारचा एकच कान मुधोळचा राहिला, दुसरा गावाला मिळाला.

घराण्याची परीक्षा खिंडीकडच्या रस्त्यावर झाली. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर इथेच तुटून पडले. त्यांच्या स्मारकाच्या वाटेवर चार गावठी कुत्री भुंकली, आणि सरदार माझ्या दोन पायांमधून मागे गेला. साखळीमुळे मलाही जावं लागलं. नेसरीच्या इतिहासात इतकी शिस्तबद्ध माघार दुसरी नसेल.

तेव्हापासून आम्ही रस्ता सोडून माळाने जातो. तसंही उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून निघाले की रस्त्यावर माणसाला जागा उरत नाही, मग कुत्र्याला कुठली? पण माळावर गवताएवढ्याच बाटल्या. एकदा सरदार मध्येच थांबला आणि तीन पायांवर उभा राहिला. काजूच्या बागेतून एक म्हातारबा आले. त्यांनी पंजा मांडीवर घेतला, नखाने काच उपसली, दगडीपाला तळहातावर चोळून रस पिळला आणि फेट्याचा सोगा फाडून पट्टी बांधली. बादशहाच्या नजराण्याची गोष्ट त्या दिवशी माझ्या तोंडून निघाली नाही. सरदार मात्र त्यांचा हात चाटत राहिला. त्याला घराण्याचं काही पडलेलं नव्हतं.

‘‘बाटल्या टाकतं कोण हो?’’ मी तावातावाने विचारलं.

त्यांनी माझी ट्रॅकपँट, बूट, टोपी नीट पाहिली. ‘‘अशीच येत्यात. निसर्ग बघायला.’’

आता मी जाताना पोतं नेतो आणि येताना भरून आणतो. मुधोळच्या वंशावळीच्याच रुबाबात लोकांना पर्यावरण समजावून सांगतो. ते मान डोलावतात, सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, ‘‘व्हय, पण किलोला दर काय देताय?’’