पांडेसऱ्याहून निर्हेतुक सायकलविहार : इच्छुकांस मार्गदर्शन

जलवेष्टित प्राचीन बंदराच्या आसमंतात, पोटापाण्याचा कोणताही व्यवहार मनात न धरता, सायकलीवरून रमतगमत हिंडण्याची जी विद्या युरोपातील सुखवस्तू समाजाने परिणतावस्थेस नेली आहे, तिचा सुरत शहरी, आणि विशेषेकरून पांडेसरा मुक्कामी, अद्यापि म्हणावा तसा प्रसार झालेला नाही, ही गोष्ट खेदपूर्वक नमूद करणे भाग आहे. साधनसामग्रीची येथे वाण आहे असे मुळीच नाही. उत्तरेस तापी, दक्षिणेस मिंढोळा, पश्चिमेस खंबायतचे आखात आणि मधल्या सपाट मुलखात ठिकठिकाणी शिरलेल्या खाड्या, एवढा जलविस्तार कोणत्याही नगरास भूषणावह ठरावा. प्राचीनतेचा तर येथे इतका सुकाळ आहे की तिच्यावर हातगाड्या उभ्या राहतात. आणि सायकलींविषयी ज्यास शंका असेल त्याने सकाळी सातच्या सुमारास बमरोली रस्त्यावर जाऊन उभे राहावे, म्हणजे शंकेबरोबर स्वतःसही बाजूला सरावे लागेल. ज्या व्हेनिस नगरीचे नाव अशा प्रसंगी आदरपूर्वक घेण्याचा प्रघात आहे, तेथे मूळ शहरात सायकल चालविण्यास सक्त मनाई असून हौशी मंडळींना लीडोच्या बेटावर जाऊन हौस भागवावी लागते. पांडेसऱ्यात तसा कोणताही मनाईहुकूम कोणी काढलेला नाही. उणीव आहे ती प्रयोजनाच्या अभावाची.

सुरतेचे दफ्तर बारकाईने चाळले असता असे आढळून येते की, या शहरी निष्कारण असा कोणी कधी आलाच नाही. (एक सन्माननीय अपवाद आहे, त्याचा परामर्श यथास्थळी घेतला जाईल.) सन १६०८ मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून विल्यम हॉकिन्स आला तो इंग्लंडच्या राजाचा खलिता जहांगीर बादशहाकडे पोचता करण्यासाठी, १६१२ मध्ये थॉमस बेस्ट सुवालीच्या किनाऱ्यापाशी पोर्तुगीजांशी लढला तो वखारीच्या परवान्यासाठी, मक्केचे यात्रेकरू जहाजाची वाट पाहत येथे मुक्काम करीत तो पुण्यसंचयासाठी. श्रीशिवछत्रपती १६६४ च्या जानेवारीत गणदेवीवरून येऊन बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उतरले, ते बागेची शोभा पाहण्याकरिता नव्हे, हे शहरचा अंमलदार इनायतखान यास इतक्या त्वरेने उमगले की रयतेस दैवाच्या हवाली करून तो किल्ल्यात जाऊन बसला. महाराज १६७० मध्ये पुन्हा आले. तेव्हाही सहज आले नव्हते. १९३० च्या एप्रिल महिन्यात महात्माजी दांडीस जाताना आमच्या शेजारच्या डिंडोलीत थांबले, पायी आले, कोणतेही वाहन न वापरता आले, तथापि त्यांनाही मीठ उचलायचे होते. आणि उधना–जळगाव लोहमार्गाने आमचे जे खानदेशी बांधव पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिले, तसेच गंजामाकडून ओडिया, पूर्वेकडून भोजपुरी मंडळी आली, ती सर्व लूम, मिल आणि मार्केट या त्रयीवर चित्त ठेवूनच आली. सबब, कोठेही न पोचण्यासाठी घराबाहेर पडणारा सायकलस्वार हा चार शतकांच्या दस्तुराचा भंग करीत असतो, याची जाणीव त्याने प्रथमपासूनच ठेवावी.

या भंगाची दखल पहिल्याच चौकात घेतली जाते. “कथा जाई ऱ्हायना, भो?” असे शिरपूरकडचे अप्पा विचारतील, “क्यां चाल्या, काका?” असे किराणा दुकानदार विचारील, “कहाँ निकले, चाचा?” असे पानवाला, आणि “कुआडे जाउछ, भाई?” असे रात्रपाळीहून परतलेला ओडिया शेजारी. प्रश्न एकच, चार भाषांत, आणि चारही वेळा अंतःकरणपूर्वक. येथे नवशिक्याच्या हातून घडणारा प्रमाद म्हणजे ‘सहज’ असे उत्तर देणे. ‘सहज’ हे उत्तर पांडेसऱ्यात कोणीही स्वीकारीत नाही. त्यावरून ऐकणारा तीन अनुमाने काढतो : या गृहस्थाचे काम सुटले आहे, किंवा याची बायको माहेरी निघून गेली आहे, किंवा याची शुगर निघाली आहे. पैकी पहिले अनुमान घरमालकाच्या कानावर गेल्यास अनर्थ ओढवतो. दुसरे गावाकडे, म्हणजे थेट सासुरवाडीस, संध्याकाळच्या आत पोचते. तिसरे मात्र सर्वथा निर्धोक असून त्याचा अवलंब करण्यास हरकत नाही. “डॉक्टरांनी सांगितलंय” हे दोन शब्द उच्चारताच प्रश्नकर्त्याच्या मुद्रेवर समाधान पसरते, कारण व्याधी हे प्रयोजन आहे, आणि तो मेथीदाणे रात्री किती भिजत घालावेत ते सांगून वाट मोकळी करून देतो. ज्यांस प्रकृतीविषयी खोटे बोलणे अप्रशस्त वाटत असेल त्यांनी “पार्टीकडे जातोय” असे म्हणावे. कोणती पार्टी, कसली उधारी, हे सुरतेत दुसरा मनुष्य विचारीत नाही. हे शहर परक्याच्या व्यवहाराबाबत जितके मर्यादशील आहे तितके परक्याच्या रिकामपणाबाबत नाही.

वाहनाची निवड करताना गिअरच्या, निमुळत्या सीटच्या आणि मोटारीच्या किमतीच्या सायकलीचा मोह कटाक्षाने टाळावा. ती वेसूकडील मंडळींस शोभते, जी आपली सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून रम्य स्थळी नेतात, तेथे ती चालवितात आणि पुन्हा बांधून परत आणतात. आपल्यास काळी, जड, मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल पुरे. कॅरिअर रिकामे ठेवू नये. त्यावर ग्रे कापडाचा लहानसा ताका, किंवा तो न मिळाल्यास जुन्या चादरीची त्याच आकाराची घडी सुतळीने आवळून बांधावी. हँडलला टिफिन अडकविला की मनुष्य संशयातीत होतो, एवढे त्या अल्युमिनियमच्या डब्याचे सामर्थ्य आहे. आत काय आहे याची रुजुवात कोणी घेत नाही, तेव्हा खमण ठेवावे. घंटी असावी, परंतु तिच्यावर विसंबू नये. ताक्यांनी शिगोशीग भरलेला टेम्पो मागून येत असता घंटी वाजविणे म्हणजे उत्सवात देवळाच्या नगारखान्यापुढे पिपाणी फुंकण्यासारखे आहे.

वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. येथील कारखान्यांत पाळी बारा तासांची. तिचा बदल सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान होतो, आणि त्या तासात रस्ता हा विहाराचा विषय राहत नाही. तरी पण माझे असे आग्रहाचे सांगणे आहे की, मंदगतीची दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्याने एक प्रातःकाळ तरी या गर्दीच्या कडेस उभे राहून तिचे अध्ययन करावे. सात वाजता आत जाणाऱ्या सायकली वेगात असतात, त्यांत शिकण्यासारखे काही नाही. सव्वासातला बाहेर येणाऱ्या पाहाव्यात. रात्रभर संच्यांच्या खडखडाटात किंवा रंगाच्या वाफेत उभा राहिलेला मनुष्य घराकडे निघतो तेव्हा पायडल इतके सावकाश पडते की सायकल तोल जाऊन कलंडावी, पण कलंडत नाही. हँडल हलत नाही. ब्रेकची गरज भासत नाही. मागच्याने कितीही भोंगा वाजविला तरी मान वळत नाही. युरोपातील कोणत्याही पर्यटन-मंडळास ही गती शिकविता आलेली नाही. आमच्यासारख्या हौशी लोकांची मंदगती तिच्यापुढे अगदीच नाटकी वाटते, आणि म्हणून आपण स्वतः मात्र नऊनंतर निघावे.

मार्ग दोन आहेत. पहिला शहराकडचा. उधना मुख्य रस्त्याने निघाल्यास मध्यभागी बीआरटीएसची मार्गिका दिसेल, जी २०१४ साली उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी अशी प्रथम सुरू झाली. ती सरळ, सपाट आणि बहुधा रिकामी असते, म्हणूनच तीत शिरू नये. उधना दरवाजा ओलांडल्यावर गोपी तळाव लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी नामक धनाढ्य कारभाऱ्याने ते बांधविले. पुढे ते कोरडे पडले, कित्येक पिढ्या तसेच राहिले, आणि अलीकडे महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून त्यात पाणी, नावा आणि तिकिटे आणली. तेथून पुढे मुगलीसरा. ही इमारत शाहजहानच्या अमदानीत, १६४४ साली, हजच्या यात्रेकरूंस विनामूल्य उतरता यावे म्हणून बांधली गेली. या शहराने पांथस्थाच्या विश्रांतीसाठी जी एक भव्य वास्तू उभारली, तिच्यात आज महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे, आणि थकलेला प्रवासी आत गेल्यास त्याला खिडकी क्रमांक विचारला जातो. तो सांगता न आल्यास दिलगिरी व्यक्त करून बाहेर यावे. तापीकाठचा किल्ला खुदावंदखानाने पोर्तुगीजांच्या धाकाने बांधला. इनायतखान ज्या चपळाईने तेथे पोचला ती लक्षात घेता आपण तरी सावकाश जावे, हे इतिहासाचे ऋण आहे.

परंतु या मार्गावरील खरे गंतव्य, आणि ज्या अपवादाचा वर निर्देश केला तो, कतारगाम दरवाजाकडील गोऱ्यांच्या कबरस्तानांत आहे. इंग्रज व वलंदेज या दोन कंपन्या हयातीत कापडाच्या दरावरून भांडल्या आणि मृत्यूनंतर घुमटांच्या उंचीवरून. सर जॉर्ज ऑक्झिंडेन, ज्याने १६६४ मध्ये वखार लढविली आणि जो १६६९ मध्ये वारला, त्याच्या दुमजली समाधीस शह देण्यासाठी वलंदेजांनी बॅरन व्हान रीड याचे थडगे त्याहून थाटाचे केले. हा व्हान रीड विद्वान मनुष्य. मलबारच्या वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६९१ साली कंपनीच्या कारभाराची तपासणी करण्यासाठी तो सुरतेकडे निघाला आणि मुंबईच्या समुद्रात, जहाजावरच, मरण पावला. तपासणी राहिली, तो मात्र आला. सुरतेच्या एकंदर इतिहासात कोणतेही काम शिल्लक नसता या शहरी दाखल झालेला हा एकमेव गृहस्थ होय, आणि निर्हेतुक सायकलस्वाराने त्याच्या घुमटाच्या सावलीत टिफिन उघडून खमण खाल्ल्यास ते औचित्यास धरूनच होईल.

दुसरा मार्ग पाण्याचा. त्याचा आरंभ बमरोलीस होतो, जेथे शहराच्या सांडपाण्यावर पुन्हा संस्कार करून ते पांडेसऱ्याच्या गिरण्यांस विकणारा, दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१४ पासून चालू आहे. म्हणजे येथे पाणीसुद्धा एका कामावरून सुटले की दुसऱ्या पाळीवर हजर होते. पुढे खाडी ओलांडावी लागते. पुलावर थांबून जलसौंदर्य न्याहाळण्याचा जो परिपाठ अन्य देशांतील मार्गदर्शिकांत सांगितलेला असतो, तो येथे नाकाला रुमाल लावून व वाऱ्याची दिशा पाहून पाळावा. पावसाळ्यात खाडीपूर येतो तेव्हा भेडवाड, लिंबायत या बाजूंस विहारी मनुष्याने जाण्याचे कारण उरत नाही, कारण जलाशय स्वतःच उंबरठ्याशी येऊन उभा राहतो; आणि ज्यांनी ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या पाण्याने भरलेले शहर गच्चीवरून पाहिले आहे, त्यांच्यापुढे जलवेष्टित नगरांच्या रमणीयतेविषयी बोलू नये. हिवाळ्यात मात्र अलथाण, वेसू मागे टाकून डुमस रस्त्याने गवियरच्या तळ्यावर जावे. तेथे परदेशी पक्षी येतात. तेही थंडीचे कारण घेऊन येतात, पण निदान विचारले असता पार्टीचे नाव सांगत नाहीत.

डुमस येथे काळी वाळू, टोमॅटोची भजी आणि समुद्र, या क्रमाने आढळतात. भजी गरम असताच खावीत. सुरतकर उपाहारास प्रयोजन मानतो, आणि शरदपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्यास, सारे शहर पदपथावर सतरंज्या पसरून घारी खात बसते तेव्हा कोणी कोणाला कोठे निघालात असे विचारीत नाही. सायकलविहाराचा प्रथम प्रयोग त्या रात्री केल्यास संकोच कमी होईल, परंतु तूप हाताला लागलेले असल्याने हँडल निसटते.

पंक्चरची चिंता करू नये. कारागीर दर दोन चौकांस आहेत, आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधण्यास लागणारी ती पाच मिनिटे हीच या एकंदर पर्यटनातील खरी फुरसत होय. त्या अवधीत कोणीही कोठे चाललात असे विचारीत नाही, कारण चाललेलेच नसता.

शेवटची सूचना संघटनेविषयी. एकट्याने किंवा फार तर दोघांनी जावे. मंडळ स्थापन करू नये. मंडळ म्हटले की अध्यक्ष आला, अध्यक्ष आला की उद्दिष्ट आले, दर रविवारी इतके किलोमीटर असा ठराव झाला, आणि सुरत असल्यामुळे टी-शर्ट छापून देणारा सभासदांतच निघाला. मग रंग कोणता घ्यावा, डायिंग कोणाकडे द्यावे आणि उरलेला माल कोणत्या पार्टीस विकावा, या विषयांवर सभा रात्री अकरापर्यंत चालते, आणि सायकली खाली जिन्यापाशी कुलूप लावून उभ्या असतात.