अंगठेबहाद्दर

लिफ्टचं दार उघडलं की आधी पुढचं चाक आत येतं. मागोमाग बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, मग पाण्याच्या बाटल्या, आणि आपण पोट आत ओढून भिंतीला चिकटलो की शेवटी मालक. 'बसतंय हो, बसतंय,' असं तो म्हणतो ते सायकलीबद्दल. आपण बसतोय की नाही हा प्रश्न त्याला पडत नाही. एवढी थोरली सायकल खाली शेडमध्ये का ठेवत नाही, हे त्याला चुकूनही विचारू नये. तो किंमत सांगतो. ती ऐकून दोन मजले कोणी बोलत नाही.

ओळखलंत ना? साधा सायकलवाला वेगळा. तो पहाटे हायवेने जातो, मिसळ खातो, फोटो टाकतो आणि सोमवारी माणसांत परत येतो. हा ग्रॅव्हलवाला. ह्याला डांबर चालत नाही. खडी हवी, मुरूम हवा, बाजूला पाणी हवं आणि नजर पोचेल तिथवर एकही गाडी नको. नदीकाठ, कालवा, खाडी, खाजण, काहीही चालेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे आणि तिथे 2006 सालापासून खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत होते, हे आमच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत आहे. कसं, ते सांगायला नकोच.

पण ह्याची खरी खूण म्हणजे अंगठा. टायर दिसला की ह्याचा उजवा अंगठा आपोआप खाली जातो. दाबतो, डोळे मिटतो आणि आकडा सांगतो. 'अडतीस. जास्त आहे.' पाठीवरच्या पिशवीत हवा मोजायचं डिजिटल यंत्र असतं, पण ते बाहेर निघत नाही. 'मशीन खोटं बोलेल, अंगठा नाही.' खडीवर टायर जरा मऊच हवा, म्हणजे तो दगडावरून उडत नाही, दगडाला धरून चालतो, इथवर शास्त्र मलाही मान्य आहे. पण ते माझ्या स्कूटरला, दूधवाल्याच्या टेम्पोला आणि तळमजल्यावरच्या आजींच्या व्हीलचेअरला लावायचं कारण नव्हतं. आजी तेव्हा तिच्यात बसलेल्या होत्या. हात पुढे करून म्हणाल्या, 'मेल्या, नाडी इकडे आहे.'

आम्ही राहतो मुंबईत, गोराईला. पण गोराई दोन आहेत. अलीकडची म्हाडाची, आमची. पलीकडची मूळची, कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन लोकांची. मधे खाडी, आणि खाडीवर पूल नाही. गाडीने जायचं तर भाईंदर, उत्तन असा मोठा वळसा. म्हणून रविवारी सकाळी हा सायकल घेऊन बोटीत चढतो, कारण भाईंदरचा वळसा घालून मोटारवाले बीचवर येईपर्यंत पलीकडचे रस्ते त्याचे एकट्याचे असतात. एकदा त्याच्या आग्रहाला बळी पडून मीही गेलो, वॉचमनची सायकल मागून घेऊन. जेट्टीला बोट घासू नये म्हणून ट्रकचे जुने टायर टांगलेले असतात. ह्याने वाकून त्यातले सगळे दाबले. त्यात हवाच नसते, हे खलाशाने सांगितल्यावर म्हणाला, 'तेच म्हणतोय मी, खूप कमी आहे.'

पलीकडे पोचलो तेव्हा परतीच्या बोटीसाठी पाववाला उभा होता. सायकलच्या मागे मोठी टोपली, त्यात उरलेल्या लाद्या. ह्याने टायर दाबला, मग सवयीने पावही दाबला. 'सायेब, दाबला तो घ्यावा लागेल,' पाववाला म्हणाला. ती सबंध लादी पुढे दिवसभर माझ्याच पाठीवर होती. पाववाल्याच्या शेजारी एक तरुण होता. समोर जो सोनेरी पॅगोडा दिसतो, 2009 साली उघडलेला, तिथे विपश्यनेचे दहा दिवस काढून तो नुकताच बाहेर पडला होता. चेहऱ्यावर अशी शांतता, की बोटीच्या भोंग्यालाही संकोच वाटावा. दहा दिवसांनी बाहेरच्या जगाने त्याला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, 'तुमची ट्यूबलेस आहे का?' त्याच्याकडे सायकल नव्हती. चाकं असलेली बॅग होती.

पुढे खाजणातून तिवरांच्या कडेने एक बांध जातो. बांधाच्या तोंडाशी मासळीची टोपली घेऊन एक मावशी बसली होती. ती म्हणाली, 'आज पुनव हाय. बांधावर पानी येल सव्वाअकराला.' हा हसला. मोबाइलवर त्याने वारा पाहिला होता, तापमान पाहिलं होतं, बांधाचा चढ-उतार मीटरमध्ये पाहिला होता. समुद्र पाहायचा राहिला होता. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा असतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अकराच्या सुमाराला बांध दिसेनासा व्हायला लागला. पौर्णिमेचं उधाण, पाणी पेडलला लागलेलं, वॉचमनची सायकल माझ्या खांद्यावर आणि वॉचमनला काय सांगायचं ही चिंता डोक्यात. हा पुढे थांबला. मला वाटलं, परत फिरू म्हणेल. त्याने पाण्यात हात घातला, चाचपडून टायर शोधला आणि दाबला. 'बघा, प्रेशर अगदी करेक्ट निघालं.'

त्याला आजवर निरुत्तर केलं ते एकाच माणसाने. बारामतीकडे लग्नाला गेला असताना ह्याने नीरा डाव्या कालव्याच्या कडेने राइड काढली. कालव्याच्या कडेचा रस्ता असतोच तो, पाटबंधारे खात्याच्या माणसांना पाण्यावर नजर ठेवता यावी म्हणून केलेला. एका हाताला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, खाली मुरूम, वर बाभळी. स्वर्गच. फक्त दिवस गळिताचे होते. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, गाणी लावून, रस्त्याच्या दोन्ही कडांना ऊस घासत. हा कालव्याच्या भरावाला पाठ लावून उभा राहिला आणि ट्रॅक्टर थांबल्याबरोबर आपल्या छातीएवढ्या मागच्या टायरला अंगठा लावला. ड्रायव्हर वरून शांतपणे म्हणाला, 'पाणी हाय त्यात.' ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरतात, हे ह्याला ठाऊक नव्हतं. परत आल्यावर दोन रविवार तो कुठेही गेला नाही. अंगठ्याकडे बघत बसायचा.

मुंबईत राहून खडीसाठी वणवण करणारा हा एकच इसम. बाकीचे आपण खड्डे भरा म्हणून पालिकेच्या मागे लागतो. 2023पासून पालिकेने शहरभर रस्त्यांचं काँक्रीटीकरण काढलंय. आमचा रस्ता उखडला तेव्हा सोसायटीने निषेधाची सभा घेतली. हा सभेला आला नाही, कारण बाहेर उखडलेल्या रस्त्यावर फेऱ्या मारत होता. रस्ता गुळगुळीत होऊन मिळाला त्या दिवशी सगळ्यांनी नारळ फोडला आणि ह्याने उसासा टाकला. सायकल ट्रॅकवर तर ह्याचा जुनाच राग. वांद्रे-कुर्ला संकुलात ट्रॅक केला, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या. मुलुंडपासून जलवाहिन्यांच्या कडेने 39 किलोमीटरच्या ट्रॅकची घोषणा झाली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला होता, 'सिमेंटचा नाही ना?' पवई तलावाच्या काठचा ट्रॅक 2022 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. हा पेढे घेऊन आमच्या दारात. मला वाटलं, तलावासाठी आनंद झाला असेल. 'तोडल्यावर खाली खडी निघेल ना,' तो म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला फारसा आनंद होत नाहीये. आमच्या सायकल शेडमधल्या एकाही सायकलची हवा कधी कमी नसते. पोरांच्या नाही, धुणंभांडीवाल्या ताईंच्या नाही, वॉचमनच्या तर नाहीच. कित्येक वर्षं मला वाटत होतं, मेंटेनन्समध्ये येत असेल. एकदा पहाटेची गाडी पकडायला खाली उतरलो, तर शेडमध्ये हा उकिडवा बसलेला. शेजारी पंप. एकेक टायर दाबायचा, मान हलवायची, हवा भरायची, पुढच्याकडे सरकायचं. आकडा कोणाला सांगत नव्हता, कारण ऐकायला कोणी नव्हतं. कोपऱ्यात माझ्या मुलीची लहानपणची गुलाबी सायकल आहे. साखळी गंजून तुटली, सीट उंदरांनी खाल्ली, मुलगी नोकरीला बंगळूरला गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. भंगारात द्यायची म्हणून मी दर दिवाळीला तिच्यापर्यंत जातो आणि परत येतो. त्या दिवशी तो गेल्यावर मी तिचा टायर दाबून पाहिला. टणक होता. आकडा मला सांगता आला नाही. ही गोष्ट मी त्याला कधी बोललो नाही, आणि बोलणारही नाही. उगाच शेफारेल.

परवा लिफ्टमध्ये सापडलो. पुढचं चाक माझ्या पोटात असताना मी सूड म्हणून विषय काढला. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता चारकोप, गोराई करत दहिसरवरून जायचाय. तिवरं जातील, खाजण जाईल, तुमचा बांध जाईल, पलीकडे गाड्याच गाड्या. मग काय करणार? त्याचा चेहरा खरोखरच पडला. दोन मजले काही बोलला नाही. मलाच वाईट वाटायला लागलं.

'जाईल सगळं,' तो म्हणाला. 'पण काम सुरू झाल्यापासून वर डांबर पडेपर्यंत आपल्याकडे किती वर्षं जातात? दहा तरी धरा. दहा वर्षं, वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंत, सलग खडी. आणि एकही गाडी नाही!'